बर्गन: पावसाच्या गावात सात रात्री, बेताच्या पैशांत

वाशिष्ठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी आणि आई (वय 66) मे महिन्यात नॉर्वेतल्या बर्गनला सात रात्री राहून आलो. मी शाळेत शिकवते, आई निवृत्त आहे. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे पैसे हातात आले आणि आईनेच बर्गनचं नाव काढलं. का काढलं ते खाली सांगते. निघायच्या आधी मी पुष्कळ शोधाशोध केली, पण "नॉर्वे महाग आहे, विसरा" याच्या पुढे मराठीत फारसं काही हाती लागलं नाही. म्हणून हा धागा.

आधी पावसाचं. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे साधारण आपल्या मुंबईइतका. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस ओले. 2006 च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला पाऊस सलग 85 दिवस रोज पडत राहिला होता, ते तिथले लोक अजून सांगतात. मे त्यातल्या त्यात कोरडा महिना, तरी आमच्या सातांपैकी पाच दिवस पाऊस होताच. मी चिपळूणची, पावसाचं मला काय सांगता, अशा थाटात गेले होते. पण हा पाऊस निराळा. बारीक, थंड आणि आडवा. वाऱ्याबरोबर तो कानामागून आत शिरतो. छत्री पहिल्याच चौकात उलटली. गावातल्या कचऱ्याच्या डब्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या बाहेर आलेल्या दिसतात, त्या बहुतेक आपल्यासारख्यांच्याच असाव्यात. तिथले लोक टोपीचा लांब रेनकोट घालून सरळ चालत राहतात.

माझी पहिली चूक बुटांची. निघण्याआधी एका दुकानातून "पाणी अजिबात शिरणार नाही" असं ऐकून बूट घेतले, ते पहिल्याच संध्याकाळी आतून पचपचत होते. वसतिगृहातल्या मुलीने न विचारता जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला. बुटांत कागद कोंबायचा, दोन तासांनी बदलायचा, सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. रेनकोट तिथं फ्रेटेक्स नावाच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळतो. आईला तिथंच छान पिवळा मिळाला.

खर्च: विमान आणि व्हिसा सोडून दोघींचा मिळून दिवसाला सरासरी 1500 क्रोन, एका क्रोनचे आठ रुपये धरले तर 12 हजार रुपये. त्यातले 950 खोलीचेच. मार्केन या गल्लीच्या बाजूला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दोघींची खोली आणि सामाईक स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघर नसतं तर आमचा हिशेब तिसऱ्याच दिवशी कोलमडला असता. साध्या हॉटेलात एका माणसाचं जेवण 250 क्रोनच्या आसपास जातं. आम्ही दोघी त्याच पैशांत दिवसभर जेवायचो. रेमा 1000, किवी, एक्स्ट्रा ही नेहमीच्या वाणसामानाची दुकानं. बटाटे, गाजर, कोबी, अंडी, ओट्स, पाव यांवर आमचं भागलं. फोडणीचं साहित्य घरून नेलं होतं.

दुसरी चूक: आम्ही शनिवारी रात्री पोचलो. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, हे मला माहीत नव्हतं. तो दिवस मेथीच्या खाकऱ्यांवर आणि मेतकूट-भातावर काढला. मे महिन्यात सणाच्या सुट्ट्याही बऱ्याच असतात आणि 17 मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात. आम्ही तो उलटल्यावर गेलो.

विमानतळावरून गावात येताना घाईने बसमध्ये चढू नका. बीबानन नावाची ट्राम थेट विमानतळातून निघते आणि पाऊण तासात गावाच्या मध्यावर सोडते. बाहेर पडल्या पडल्या जी मोठी बस दिसते तिच्या मानाने भाडं कितीतरी कमी. तिकीट शुस या कंपनीच्या ॲपवर काढायचं, नव्वद मिनिटं चालतं. रोख पैसे सात दिवसांत एकदाही लागले नाहीत.

आता बघण्याचं. आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला त्या जागेला एक पैसा लागत नाही. वोगन म्हणजे जुनं बंदर, आणि त्याच्या काठावरची लाल-पिवळ्या लाकडी घरांची रांग म्हणजे ब्र्युगन. फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. पण फोटो समोरून काढतात आणि लोक समोरूनच परततात. दोन घरांच्या मधल्या बोळात शिरा. वर दोन्हीकडच्या सज्ज्यांमुळे आभाळाची फीत तेवढी उरते. पायाखाली ओल्या फळ्या, त्या एका बाजूला कललेल्या, भिंतीही कललेल्या. डांबराचा वास. वरच्या मजल्यावर माल ओढून घ्यायच्या चाकाची तुळई बाहेर आलेली, तिच्या टोकावरून पाणी एकाच जागी टपटपत असतं आणि खालच्या फळीला तिथं वाटीसारखा खळगा पडला आहे. आई त्या खळग्यापाशी किती वेळ उभी होती.

साधारण 1360 पासून इथं हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती. उत्तरेकडून, लोफोटेनहून, सुकवलेला कॉड मासा यायचा आणि त्या बदल्यात धान्य जायचं. तो मासा मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांना टांगून सुकवतात. मला थेट आपल्याकडचे बांबूवर टांगलेले बोंबील आठवले. आगीच्या भीतीने या घरांत दिवा-शेगडी पेटवायला बंदी होती, ऐन हिवाळ्यातसुद्धा. ऊब हवी तर मागच्या वेगळ्या सामाईक दालनात जायचं. आणि आग लागायची ती लागलीच. 1702 मध्ये सगळी रांग जळाली, पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधली. 1955 मध्ये आणखी एक भाग गेला. त्या जळक्या जागेत खोदकाम केलं तेव्हा लाकडावर कोरलेले, रुन या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले शेकडो लेख सापडले, ते तिथल्याच संग्रहालयात आहेत. उरलेली 62 घरं 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

कोकम_आगळ

छान धागा, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. आई शाकाहारी आहेत का? आणि घरून काय काय नेता येतं? आम्ही तूप, पेढे असं सगळं घेऊन फिरतो.

---

दक्षिणवारा

बर्गनमध्ये सहा वर्षं आहे, म्हणून राहवलं नाही. तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला नॉर्वेत मनाई आहे, अगदी स्वतःच्या खाण्यापुरतेसुद्धा. भाजणी, मेतकूट, मसाले, पोहे, डाळी चालतात. लोणी इथलं उत्तम असतं, किवीतून आणून घरी कढवा.

बाटलीबंद पाणी विकत घेऊ नये, नळाचं पाणी थेट पिता येतं. आणि शीतपेयाची बाटली घेतलीत तर टाकू नका, दुकानातल्या यंत्रात परत घाला. छोटीचे 2 आणि मोठीचे 3 क्रोन मिळतात. त्याला इथं पान्त म्हणतात.

पाऊस इतका का पडतो, हे माझ्या आवडीचं आहे म्हणून थोडं अवांतर. नैर्ऋत्येकडून अटलांटिकवरचा ओला वारा येतो आणि गावाभोवतीच्या डोंगरांना अडून वर चढतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे होतं तेच. समुद्राच्या कोमट प्रवाहामुळे 60 अक्षांशावर असूनही गावात हिवाळ्याचं सरासरी तापमान शून्याच्या जरा वरच राहतं, म्हणून बर्फाऐवजी बरेचदा पाऊसच. हवामानशास्त्रातली "आघाडी" ही कल्पना याच गावात रुजली. विल्हेल्म ब्यर्कनेस 1917 मध्ये इथं आले, आणि त्यांनी, मुलगा याकोबने आणि सहकाऱ्यांनी उष्ण आणि थंड हवेच्या सीमेला पहिल्या महायुद्धातल्या युद्धआघाडीचं नाव दिलं. आज टीव्हीवर हवामानाच्या नकाशात त्या दातेरी रेघा दिसतात त्या इथल्या. यर हे ॲप मोबाइलवर घ्या, तासातासाचा पाऊस सांगतं. आम्ही सगळे त्याच्यावरच दिवस आखतो.

---

वाशिष्ठी

@दक्षिणवारा, मनापासून आभार, यर ॲपचं लिहायचं राहिलंच होतं. आई त्यातले थेंब मोजून सकाळी जाहीर करायची, "अकरा ते साडेबारा मोकळं आहे, डबा भर."

@कोकम_आगळ, आई शाकाहारी, अंडी खाते. मी सगळं खाते. बंदरावरच्या मासळी बाजारात मी फक्त फिरले, तिथल्या थाळ्यांचे भाव पर्यटकांसाठीच आहेत. मासे हवेत तर वाणसामानाच्या दुकानातल्या फिशकेकची पाकिटं आणून तव्यावर परता, त्यात माशाचा अंश चांगला असतो. बाहेरचं म्हणून दोघींनी रोज एक शिलिंग्सबोले खाल्ला, दालचिनीचा गोल पाव, तळहाताएवढा. हा बर्गनचाच. एकात दोघींचं होतं.

---

पायपीट

मी जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. नॉर्वेला जाऊन फ्योर्डची, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीची, सहल करायची नाही तर एवढं विमानभाडं घालवायचं कशाला? पैसे कमी आहेत तर दोन वर्षं थांबून नीट जावं. वरच्या धाग्यात फ्योर्ड कुठेच दिसला नाही.

---

वाशिष्ठी

@पायपीट, राग कसला. मीही हाच विचार केला होता. एका दिवसात रेल्वे, बोट, बस अशी जोडून देतात ती सहल दोघींसाठी आमच्या चार दिवसांच्या खर्चाएवढी होत होती. आईचा गुडघाही इतक्या चढउताराला तयार नव्हता.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बर्गनहून वॉसपर्यंत साधी गाडी पकडली, सव्वा तासाचा प्रवास. ओस्लोकडे जाणारा, 1909 मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग हाच. गाडी बोगद्यातून निघते की खिडकीला लागून फ्योर्डचं पाणी, पुन्हा बोगदा, पुन्हा पाणी. पाऊस असल्यामुळे समोरच्या कड्यांवरून धबधबे उतरत होते, माळशेज घाटात श्रावणात दिसतात तसे. जाताना डाव्या बाजूला बसा. दुसरी गोष्ट क्लेपेस्त्योची बोट. बंदरातून पलीकडच्या आस्कोय बेटावर नोकरदार माणसं रोज ये-जा करतात ती. ट्रामचं तिकीटच तिथं चालतं. दहाएक मिनिटं लागतात. आम्ही मागे डेकवर उभ्या राहिलो, सगळं बर्गन आणि मागचे डोंगर धुक्यातून एकेक करत बाहेर आले. आम्ही तीनदा गेलो.

दोन वर्षं थांबण्याबद्दल एवढंच सांगते की आईचं वय 66 आहे.

---

पायपीट

पटलं. शेवटचं वाक्य वाचून मीच माझ्या वडिलांचा पासपोर्ट काढायला टाकतोय.

---

दक्षिणवारा

डोंगरांबद्दल भर घालतो. फ्लोयनची रेल्वे 1918 पासून चालू आहे, वर 320 मीटर उंचीवर नेते. धडधाकट माणसाने चढताना चालत जावं, वळणावळणाचा रस्ता आहे, तासाभरात माथा. वर शेळ्या मोकळ्या हिंडतात. गळ्यातल्या यंत्रामुळे त्यांना कुंपण लागत नाही. उलरिकन हा 643 मीटरचा, त्याच्या पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगड बसवून बांधल्या आहेत. पावसात निसरड्या होतात, धुकं असेल तर जाऊ नका.

धो धो पाऊस असेल तर आणखी एक फुकट जागा. 2023 मध्ये लोव्स्ताक्केन डोंगराखालून सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी जवळपास तीन किलोमीटरचा बोगदा उघडला. आत उजेड, रंगीत दिवे, एक थेंब पाणी नाही. इथले लोक आत पळायला जातात.

---

निळावंती

वाशिष्ठीताई, आईंनी बर्गनचं नावच का काढलं ते सांगते म्हणालात, राहूनच गेलं.

---

वाशिष्ठी

हो, ते सावकाश लिहायचं होतं.

आई विशीत असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेली होती, बाबा आमटे असताना. तिथून आनंदवनात आठवडाभर राहिली. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं होतं की कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या बर्गन गावात सापडला. गेरहार्ड आर्माउअर हान्सेन, 1873. हे गाव आईच्या डोक्यात तेव्हापासून होतं.

सेंट योर्गन रुग्णालय गावाच्या मध्यावर आहे, आता तिथं कुष्ठरोगाचं संग्रहालय आहे. उन्हाळ्याच्या मोसमात उघडतं, अधूनमधून दुरुस्तीसाठी बंदही असतं, म्हणून आधी बघून जा. आत एक लांब लाकडी दालन. दोन्ही बाजूंना, खाली आणि वर सज्ज्यावर, लहान लहान खोल्यांची दारं. एका खोलीत हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी जागा, आणि त्यात माणसं जन्मभर राहायची. शेवटचे दोन रुग्ण 1946 मध्ये इथंच वारले. एकोणिसाव्या शतकात पश्चिम नॉर्वेत हा आजार इतका होता की 1856 मध्ये त्यांनी देशभरच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. एकेक नाव, गाव, कधी आजार दिसला. तो सगळा दप्तरखाना आता युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत आहे.

हान्सेनचं पूर्ण सांगायचं तर हेही सांगायला हवं. त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिची परवानगी न घेता दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला होता. 1880 मध्ये खटला झाला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरच्या पदावरून त्याला काढलं. एका गरीब, आजारी बाईचं म्हणणं न्यायालयाने तेव्हा ऐकलं, याचं मला फार वाटलं.

आई एका खोलीच्या उंबऱ्यावर थांबली. आत गेली नाही. चप्पल काढण्यासारखी जागा नव्हती, बूट होते, तरी तिचा हात आपोआप खाली गेला. मग म्हणाली, "आनंदवनात निदान अंगण होतं." बाहेर आल्यावर तिथल्या बाकावर आम्ही पावसातच बसलो. तिने पिशवीतून थर्मास काढला, चहा ओतला. त्यानंतर दिवसभर ती आनंदवनातल्या हातमागांबद्दल बोलत होती. कुणाकुणाच्या बोटांना कशा पट्ट्या बांधून ते धोटा फेकायचे, नावं सगळी आठवत होती तिला. मी या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्या.

---

कोकम_आगळ

वाचून गलबलून आलं. आईंना नमस्कार सांगा.

---

उत्तररात्र

सुंदर. शक्य झालं तर आईंकडून त्या आठवणी लिहून घ्या, वेगळा धागा होईल.

मला डिसेंबरमध्येच सुट्टी मिळते. जावं का?

---

दक्षिणवारा

@उत्तररात्र, स्पष्ट सांगतो. डिसेंबरात सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो, त्यातही ढगच असतात. ज्यांना दिवसभर हिंडायचं आहे त्यांनी मे-जून बघावा, रात्री दहानंतरही उजेड असतो. पण डिसेंबरात घरांत, खिडक्याखिडक्यांत दिवे लावलेले असतात, गल्ल्या रिकाम्या असतात, खोल्याही स्वस्त होतात. गावातली मुलं, शाळा, दुकानं मिळून जिंजरब्रेडची घरं करून एक आख्खं शहर मांडतात, 1991 पासूनची प्रथा. मला स्वतःला तो महिना आवडतो. ओस्लोहून रेल्वेने येणार असाल तर तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. सात तासांचा रस्ता, मध्ये फिन्सेला 1222 मीटरवर सगळं पांढरं.

दिवसाउजेडी काय बघायचं तर सांडविकन आणि नूर्दनेसचे स्माऊ. स्माऊ म्हणजे बोळ. पांढरी लाकडी घरं, दगडी पायऱ्या, दारात कुंड्या. रुंद मोकळे पट्टे मधूनमधून दिसतील ते ऑलमेनिंग, आग एका वस्तीतून दुसरीत जाऊ नये म्हणून मुद्दाम सोडलेली जागा. लोक इथं राहतात, तेव्हा खिडक्यांतून फोटो काढू नयेत, एवढी विनंती.

---

निळावंती

मी आणि सासूबाईंनी पुढच्या मेची तारीख ठरवली! शेंगेन व्हिसाची वेळ घेतली, फी माणशी 90 युरो आहे सध्या. मार्केनच्या बाजूलाच खोली बघते आहे. बुटांचं लक्षात ठेवलं. सासूबाईंचा रेनकोट तेवढा राहिला, त्यांची उंची कमी आहे, इथले सगळे पायात येतात.

---

वाशिष्ठी

@निळावंती, वा! रविवारी पोचू नका, आणि शनिवारी पोचलात तर दुकान बंद व्हायच्या आत पाव-दूध घेऊन ठेवा.

आईचा पिवळा रेनकोट धुऊन कपाटात ठेवलाय. आईची उंची पाच फूट एक इंच, तिला गुडघ्याच्या जरा खाली येतो. टोपीला आतून नाडी आहे, वाऱ्यात उडत नाही. उजव्या खिशाची शिवण उसवली होती, ती मी घालून घेतली आहे. आई म्हणते, तो पुन्हा तिकडे जाऊन आला तर तिला आवडेल. सासूबाईंना चालणार असेल तर पत्ता व्यनि करा, या आठवड्यात कुरियर करते.